ज्याला काहीच नको, त्याच्याकडे चावी

निवृत्त वकील लिहायला बसला की वाचक खुनाची वाट पाहू लागतो. माझ्या वाट्याला खून फार आले नाहीत, आणि जे आले त्यांत मारणारा काय, मेलेला काय, दोघेही कंटाळवाणे निघाले. माझं कुतूहल कायम किरकोळ खटल्यांपाशी घुटमळत राहिलं. कोंबडी, कुंपण, सायकल, बाटली. अशा खटल्यांत माणूस खोटं बोलायला पुरेसा तयार नसतो, त्यामुळे तो दिसतो तरी.

दुर्गच्या कोर्टात मी काळा कोट घालून उभा राहू लागलो तेव्हा शेजारी भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मी नागपूरचा. थोरला भाऊ रेल्वेत, त्याची बदली दुर्ग लाइनवर झाली आणि त्याच्या क्वार्टरच्या ओसरीवर माझं ऑफिस सुरू झालं. आज मी नेहरू नगरात राहतो, समोर क्लासच्या पाट्या आहेत, आणि त्या क्लासांतल्या मुलांना मी सांगितलं की इथून मरोद्यापर्यंत नुसता मुरूम आणि माणसं होती, तर ती सभ्यपणे मान डोलावतात.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. माणूस पकडला गेला की त्याचे नातेवाईक वकील शोधतात. खटला चालू असतो तोवर वकील त्यांना शोधत असतो. शिक्षा भोगून झाली की मात्र कुणीच कुणाला शोधत नाही. खटला संपला म्हणजे वकिलाचं काम संपलं अशी समजूत आहे, आणि आम्ही वकिलांनी ती खोडून काढायची फारशी खटपट केलेली नाही. खरं तर माणसाची अडचण तिथून सुरू होते. सुखदेवची तशीच झाली.

सुखदेव आणि त्याची बायको यशोदा एका सकाळी ओसरीवर आले. तो तिशीच्या आतबाहेरचा, भंडाऱ्याकडचा, कारखान्याच्या साइटवर ठेकेदाराकडे खलाशी. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. दोरखंड, साखळ्या आणि कप्प्या लावून अवजड लोखंड उंचावर नेऊन बसवणाऱ्या कामगाराला कारखान्यात खलाशी म्हणतात. भट्ट्या, चिमण्या, शेडचे खांब हे सगळं त्यांनीच उभं केलं. उद्घाटनाच्या फोटोत ते कुठेच सापडत नाहीत, कारण फोटो काढताना ते वर कुठेतरी लटकलेले असत.

"वकीलसाहेब, मले सजा झाली," तो म्हणाला.

"कसली? किती?"

"गांजाची. झाली बी अन् संपली बी. कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून होतो, दंड भरला, दुपारी कामावर गेलो. उन्हाळ्यातली गोष्ट हाये."

"मग आता काय राहिलं?"

"नोकरी राह्यली," यशोदा म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "कंपनी ठेकेदाराचे मानसं कायम करून राह्यली. याहीच्या टोळीतले जवान मानसं सारे घेतले. याले इचारलं, कधी सजा झाली होती का? यानं सांगतलं, हो."

"अन् काय सांगू?" सुखदेव म्हणाला.

"जे बाकीच्यायनं सांगतलं ते. रोज चिलीम पेनारे कायम झाले, अन् हा कोरडा मानूस बाहेर."

मी कान टवकारले. "कोरडा?"

"मी गांजा पेत नाई जी," सुखदेव म्हणाला. "दारू बी नाई. नागपूरले दीक्षा घेतली तवापासून कशालेच हात नाई लावला. साहेब, एक इचारू? मी गांजा पेत नाई असं कोर्टाकडून लिहून भेटते का?"

नोकरी यशोदेला हवी होती. त्याला हे हवं होतं. मरोद्याजवळच्या वस्तीत त्यांच्या लोकांनी पत्र्याची एक शेड उभारली होती, आत बुद्धाची मूर्ती, बाहेर कुलूप. त्या विहाराची चावी सुखदेवकडे असे, पौर्णिमेला पंचशीलही तोच म्हणायचा. नशापाणी करणार नाही हे त्यातलं पाचवं शील. गांजाची शिक्षा झालेल्या माणसाच्या तोंडून ते कसं ऐकायचं, असा वस्तीपुढे प्रश्न पडला आणि वडीलधारे डोमाजीकाका एक दिवस येऊन चावी घेऊन गेले. भांडण नाही, शिवी नाही. चावी मागितली, याने दिली.

मी त्याला सांगितलं की कोर्ट गुन्हेगार ठरवतं किंवा सोडून देतं, अमका मनुष्य काय पीत नाही याचा दाखला कुठलंही कोर्ट देत नाही. मग विचारलं, पीत नाही तर कबूल का केलं?

"मॅजिस्ट्रेटसाहेबानं इचारलं, पेटी कोनाची? चावी माह्याकडं होती. मी म्हटलं, माही."

"चावी असणं निराळं, गांजा असणं निराळं."

"तुमच्यात असन जी," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या टोळीत नाई."

हे वाक्य ऐकलं आणि मी हा खटला घेतला. कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक होतं. यांच्या टोळीत काय म्हणतात ते जाणून घ्यायचं होतं.

माझ्याआधी ते आणखी कुणाकुणाकडे जाऊन आले होते, तेही त्यांनी सांगितलं. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाने दिल्लीला अर्ज करायचा सल्ला दिला होता, कारण दिल्लीच्या अर्जाचा दर जास्त होता. युनियनच्या पुढाऱ्याने मोर्चा काढू म्हटलं, मात्र मोर्चात गांजा हा शब्द नको म्हणाला. कारखान्याच्या कल्याण अधिकाऱ्याने नशाबंदीवर बराच वेळ भाषण दिलं. "मी पेत नाई," असं सुखदेवने दोनदा सांगितलं तरी भाषण पाठ असल्यामुळे ते मध्ये थांबवता आलं नाही.

आता त्या काळच्या गांजाविषयी. आज ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण तेव्हा गांजाचं दुकान सरकारी परवान्याचं होतं. पाटी लावून, वेळेवर उघडणारं. कर भरलेला गांजा थोडा जवळ ठेवला तर तुम्ही नागरिक, ठरलेल्या मापापेक्षा जास्त ठेवला तर गुन्हेगार. नीती आणि अनीतीमधली सीमा दुकानदाराच्या तराजूवर होती. सरकारला नशेचं वावडं नव्हतं, साठ्याचं होतं.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुटीत मी साइटवर गेलो. पेटी पाहायची होती. लाकडी, लोखंडी पट्ट्या ठोकलेली, बैलगाडीच्या साटीएवढी मोठी. तिच्यात टोळीच्या कप्प्या, नट आवळायचे पाने, साखळ्यांचे आकडे. शेजारी टोळीचा सरदार रामभरोस भाकरी खात बसला होता. बिहारकडचा, पांढऱ्या मिशा, एका हाताची दोन बोटं कुठल्यातरी खांबाखाली राहिलेली. त्याला टोळीत सगळे चाचा म्हणत. मी वकील आहे म्हटल्यावर त्याने माझ्यासाठी पेटीवरचा अंगोछा उचलून जागा केली.

"चाचा, चाबी एक ही आदमी के पास क्यों?" मी माझ्या नागपुरी हिंदीत विचारलं.

"पेटी एक, जवाबदार एक," तो म्हणाला. "आँकड़ा टूटा निकला, रस्सी सड़ी निकली, तो ऊपर आदमी मरेगा, साहब। तब दस लोग एक-दूसरे का मुँह देखें, ऐसा नहीं चलता। जिसके पास चाबी, पेटी में जो है सब उसका। अच्छा भी, बुरा भी।"

"और सुखदेव ही क्यों?"

तो हसला. "जिसको कुछ नहीं चाहिए, चाबी उसी को। पेटी में पूजा का नारियल रहता है, इसको नहीं चाहिए। अगरबत्ती, सिंदूर, नहीं चाहिए। और वो दूसरी चीज़, वो भी नहीं चाहिए। बाकी किसी को चाबी दो तो नारियल शाम तक नहीं टिकता।"

"दूसरी चीज़" कुठून आली तेही हळूहळू कळलं. कुठलंही मोठं वजन पहिल्यांदा उचलायचं असलं की क्रेनजवळच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे पूजा व्हायची. इंजिनिअरसाहेब टोपी काढून नारळ फोडायचे, अगरबत्ती लागायची, आणि रामभरोस एक चिलीम भरून महादेवापुढे ठेवायचा. महादेवाचं झालं की ती टोळीत फिरायची. साहेब लोक तोवर निघून गेलेले असत, किंवा नसले तरी दुसरीकडे पाहत असत. त्यासाठी चाचा दर बाजाराला सरकारी दुकानातून थोडासा गांजा आणून पेटीत टाकायचा. दर वेळचा कायद्याच्या मापात. पेटीत तो साठत गेला.

"तुम्ही त्या वेळी काय करता?" शेजारी येऊन बसलेल्या सुखदेवला मी विचारलं.

"मी हात नाई जोडत. बाजूले उभा राहतो. ते लोक पूजा करून राह्यले की मी दोर पाहून घेतो."

"उसके दोर देखने से ही सब उठता है," चाचा म्हणाला, "पर महादेव को मत बताना।"

मग एक बडी असामी साइट पाहायला यायची ठरली. अशा वेळी काय होतं ते भिलाईतल्या जुन्या माणसाला सांगायला नको. दगडांना चुना लागतो. झाड नसलेल्या रस्त्याला कापलेल्या फांद्या रोवून झाडं येतात, ती पाहुणे जाईपर्यंत हिरवी राहिली तर कंत्राटदार भाग्यवान. त्या खेपेला सुरक्षेसाठी साइटवरची प्रत्येक पेटी उघडून पाहायचा हुकूम निघाला. खलाशांची पेटी उघडली, खाली कापडात बांधलेला गांजा निघाला, तोलला तर मापापेक्षा जास्त. आबकारीचे लोक आले. त्यांनी विचारलं पेटी कोणाची. टोळीतून एकटा सुखदेव पुढे झाला. मॅजिस्ट्रेटसमोरही तेच.

तोच गांजा टोळीतल्या सगळ्यांना वाटून दिला असता तर गुन्हाच नव्हता. एका चावीखाली आला म्हणून झाला. आणि चावी ज्याला देण्यात आली होती त्याला ती गांजा नको असल्यामुळेच देण्यात आली होती. मी बरीच वर्षं कायदा वाचला, पण एवढी नेटकी गुंतागुंत एखाद्या कायदेपंडिताला टेबलाशी बसून सुचली नसती.

ओसरीवर परत आल्यावर मी सुखदेवला दोन रस्ते समजावून सांगितले. गुन्हा कबूल केलेल्या माणसाला "मी केलाच नाही" म्हणून वरच्या कोर्टात जाता येत नाही. कबुली काय समजून दिली यावर भांडता येतं, पण मग गांजा कोणाचा होता ते सांगावं लागतं.

"चाचाचं नाव घेनं जमनार नाई," तो म्हणाला.

"त्यानं तुमचं घेऊ दिलं."

"चावी माह्याकडं होती."

यशोदा म्हणाली, "साहेब, याले आता काई इचारू नका. घरी बी असाच बोलते."

दुसरा रस्ता अरुंद होता. शिक्षा जास्त झाली, एवढ्यापुरतं अपील करता येत होतं. आणि प्रोबेशनचा कायदा तेव्हा नुकताच आला होता. पहिल्यांदा चुकलेल्या, वर्तनाने बऱ्या माणसाला शिक्षेऐवजी समज देऊन सोडायची मुभा त्यात कोर्टाला होती. त्यातलं एक कलम वकीलसुद्धा फारसे वाचत नसत. असं सोडलेल्या माणसाला त्या दोषामुळे पुढे नोकरीला वगैरे अपात्र धरायचं नाही, असं ते कलम सांगत होतं. दोष पुसला जात नाही, त्याचा दात काढला जातो.

"म्हंजे मी गांजेडीच राहीन," सुखदेव म्हणाला, "पर नोकरीवाला गांजेडी."

"कायद्यानं साधारण तसंच."

यशोदा म्हणाली, "करा साहेब."

अपील दाखल झालं, उशीर माफ झाला. न्यायाधीश वयस्क होते, कमी बोलणारे, उन्हाळ्यातही गळाबंद कोट घालणारे. नव्या कायद्याचं नाव ऐकून त्यांनी पुस्तक मागवलं, सावकाश वाचलं, आणि म्हणाले की वर्तन चांगलं आहे हे सांगणारी माणसं आणा.

मी आधी इंजिनिअरसाहेबांकडे गेलो. सुखदेवचं काम त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी चहा दिला, सुखदेवविषयी खेद व्यक्त केला, देश उभारणीविषयी थोडं बोलले.

"त्या पूजेला आपण हजर असायचात," मी म्हणालो. "पेटीत काय असतं याची आपल्याला कल्पना असेल."

"हजर होतो," ते म्हणाले. "पण प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटतो."

साक्षीला यायला त्यांना सवड झाली नाही. चारित्र्याचे दाखले देणाऱ्यांविषयी मला तेव्हापासून एक शंका आहे. ज्याला ते मिळतात त्याला बहुधा गरज नसते. माझ्याकडे एक सोन्याचांदीचा दुकानदार यायचा, त्याच्या फायलीत हेडमास्तरपासून मठाधिपतीपर्यंत सगळ्यांचे दाखले होते. एवढे दाखले जमवायला माणूस केवढा भित्रा असावा लागतो, असं मला वाटायचं. सुखदेवकडे एकही नव्हता.

उरले डोमाजीकाका. रेल्वेत पॉइंट्समन होते, साऱ्या हयातीत सिग्नलशिवाय गाडी सोडली नाही, आणि माणसांनाही तोच नियम लावत. त्यांना आणायला यशोदा स्वतः गेली. काय बोलली ते मला कळलं नाही. तारखेला काका धुतलेलं धोतर नेसून, कोटाची सगळी बटणं लावून, आमच्या आधी कोर्टात हजर होते. मी त्यांना जय भीम केला. त्यांनी उत्तर दिलं, पण चेहऱ्यावरचा सिग्नल काही पडला नाही.

मागच्या बाकावर रामभरोसही येऊन बसला होता. त्याला मी बोलावलेलं नव्हतं. सुखदेवने त्याला पाहिलं आणि मान फिरवली.

काकांची साक्ष पहिल्यांदा उत्तम चालली. सुखदेव कष्टाळू, खरं बोलणारा, वस्तीच्या कामाला पहिला. मग न्यायाधीशांनीच विचारलं, "हा गांजा पितो का?"

"मी पाह्यलं नाई."

"पीत नसावा असं वाटतं का?"

काकांनी विचार केला. ही त्यांची खोड मला महाग पडणार हे दिसत होतं. "साहेब, तुमच्या कोर्टानं लिवलं हाये, यानं कबूल केलं. कोर्ट खोटं कावून लिवन?"

त्या दालनात कोर्टावर एवढा विश्वास असलेला माणूस तो एकटाच होता, आणि तो नेमका आमचा साक्षीदार होता. मी काही बोलायच्या आत मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. रामभरोस उभा राहिला होता.

"हुजूर, एक बात कहनी है।"

"बैठो चाचा," सुखदेव न वळता म्हणाला.

"तू चुप रह। पेटी की चाबी तेरी, मेरी ज़बान की चाबी थोड़े ही तेरे पास है।"

शिरस्तेदार त्याला बाहेर काढायला उठला. न्यायाधीशांनी हाताने त्याला थांबवलं. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी माझ्या साऱ्या वकिलीत पुन्हा पाहिली नाही. त्यांनी पेन बंद करून समोरच्या पुस्तकावर ठेवलं, चष्मा काढला, शिरस्तेदारालाही लिहायचं थांबवलं आणि रामभरोसकडे पाहिलं.

"तुम गवाही दे रहे हो, या हमें कोई क़िस्सा सुना रहे हो?"

चाचा आयुष्यभर उंचावर तोल सांभाळत आलेला माणूस. त्याने बंद पेनाकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. "क़िस्सा, हुजूर।"

"क़िस्सा सुनने में हर्ज नहीं।"

मग त्याने एका टोळीचा किस्सा सांगितला. पेटी, नारळ, दगड, चिलीम. ज्याला काहीच नको म्हणून चावी दिली, तो माणूस. "आज तक उसने चिलम छुई नहीं, हुजूर। हम भरते थे तो हवा की उल्टी तरफ़ जाके खड़ा होता था। उसको बुरा लगता था, फिर भी चाबी रखता था, क्योंकि हमने उस पर भरोसा किया था। माल तो महादेव का था।"

"महादेव को हम समन नहीं भेज सकते," न्यायाधीश म्हणाले.

"आप भेजें तो भी वो आएँगे नहीं, हुजूर। बड़े आदमी हैं।"

कोर्टात हसू झालं. इंजिनिअरसाहेब मला आठवले. न्यायाधीशांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि काहीच घडलं नसल्यासारखं विचारलं, "वकीलसाहेब, तुमचं म्हणणं संपलं?"

मी खाली पाहिलं तर सुखदेव रडत होता. कारण मला उशिरा समजलं. तो गांजा पीत नाही हे कोर्टात मोठ्यानं बोललं गेलं होतं, आणि ते लिहिलं जाणार नव्हतं. लिहिलं असतं तर चाचा अडकला असता. त्याला जो दाखला हवा होता तो त्याच्या डोळ्यांदेखत हवेत बोलून हवेत गेला. न्यायाधीशांनी दोघांनाही वाचवलं, पण वाचवायची ही एकच रीत होती.

निकाल थोडक्यात होता. आधीचं वर्तन चांगलं, शिक्षेऐवजी समज देऊन सोडण्यात येतं, दंड परत.

बाहेर व्हरांड्यात डोमाजीकाका कोटाची बटणं काढत उभे होते. मी त्यांना म्हणालो, "काका, कागदावर काही आलं नाही."

"आयकलं म्या," ते म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले.

निकाल मिळाला म्हणून कारखान्याचं फाटक उघडत नाही. तिथल्या नेमणुकीच्या साहेबांनी आदेश दोनदा वाचून विचारलं, "यात निर्दोष असं कुठं आहे?" मी म्हणालो, नाही. "मग दोषी आहे." मी म्हणालो, आहे, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही, आणि ते कलम उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांना कलम आवडलं नाही. एखादा नियम अधिकाऱ्याचा नकार काढून घेतो तेव्हा त्याला तो नियम अपुरा वाटतो. त्यांनी ते वरच्या साहेबांकडे पाठवलं, वरच्या साहेबांनी कायदा विभागाकडे, आणि मी दर आठवड्याला सायकल मारत जाऊन प्रकृती विचारावी तशी त्या फायलीची चौकशी करत राहिलो. आमच्या धंद्यातलं हे काम कुणी शिकवत नाही आणि कुठल्या निकालपत्रात ते येत नाही. माणूस परत आत जाईपर्यंत दाराशी उभं राहायचं, एवढंच ते आहे. पावसाळा संपता संपता सुखदेव कायम झाला. यशोदेने ओसरीवर चिवड्याची पुडी आणून दिली आणि म्हणाली, "आता फायलीले पाहाले जाऊ नका, बरी झाली ते."

रामभरोसचं मात्र कुणी काही केलं नाही. भट्ट्या उभ्या राहिल्या तशा उभ्या करणाऱ्या टोळ्या हलू लागल्या. कायम करायच्या वेळी चाचाचं वय आड आलं आणि ठेकेदाराला त्याची गरज उरली नाही. गेला तेव्हा मला भेटायला आला होता. मी विचारलं, गावी काय करणार? म्हणाला, "जो ऊपर चढ़ाया है, नीचे से देखूँगा नहीं, यही अच्छा है।" त्याच्यासाठी कुठलं कलम होतं का, हे मी नंतर पुष्कळ शोधलं. नव्हतं. तो कधी दोषी ठरलाच नव्हता, त्यामुळे कायद्याजवळ त्याला परत देण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला सुखदेवने मला वस्तीत बोलावलं. सकाळीच ऊन चढलं होतं. विहाराच्या शेडसमोर माणसं जमली होती, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, आणि दाराला कुलूप. सगळे कशाची तरी वाट पाहत होते.

डोमाजीकाका आले. कोटाच्या आतल्या खिशातून चावी काढली आणि सुखदेवपुढे धरली. "घे, दरवाजा उघड. लोक उन्हात उभे हायेत."

सुखदेवने हात पुढे केला नाही.

"काका, पयले तुमी उघडा."

"कावून?"

"आत काय काय हाये ते दोघं मिळून पाहून घेऊ. मंग चावी घेतो."

मागे कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. यशोदा पदर तोंडाला लावून हसली. सुखदेव मात्र हसत नव्हता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि कुलूप काढलं. दोघे आत गेले. बाहेर आम्हाला आवाज येत होता. "सतरंजी. मूर्ती. कंदील एक, काच फुटकी." "काच पयलेच फुटकी होती." "हो, पयलेच. मेनबत्त्या. हा डबा कशाचा?" "उघडून पाह्य." झाकण वाजलं. "साखर."

मग सुखदेव दारात आला. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "तुमी बी एक डाव पाहून घ्या."

मी चपला काढल्या आणि आत गेलो. कोपरे पाहिले, सतरंजी उचलून पाहिली, साखरेच्या डब्याचा वास घेतला. कोर्टात मी एवढ्या काळजीने कधी काही तपासलं नव्हतं. बाहेर येऊन काकांना म्हणालो, "ठीक आहे."

काकांनी चावी पुन्हा पुढे केली. या वेळी त्याने घेतली, करगोट्याला बांधली, आणि पंचशील म्हणायला उभा राहिला. पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज जरा वाढला. लोकांनीही वाढवला.